न बोलणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी एएसी: पालकांचे नेहमीचे प्रश्न

एएसी म्हणजे नेमकं काय?

ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, म्हणजे तोंडी बोलण्याला पूरक किंवा पर्यायी ठरणारी संवादाची साधनं. खाणाखुणा, चित्रांचा तक्ता, चित्रं देऊन वस्तू मागायची वही, एकच वाक्य रेकॉर्ड होणारं मोठं बटण, चित्रावर बोट ठेवलं की बोलणारा टॅबलेट, हे सगळं त्यात आलं. महागडं उपकरण म्हणजेच एएसी असं नाही. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलेला एक ए-फोर कागदही तितकाच खरा एएसी आहे, आणि बहुतेक घरांनी सुरुवात तिथूनच करावी.

टॅबलेटची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल का?

नाही. ही भीती सगळ्यात जास्त मुलांची वर्षं वाया घालवते, म्हणून उत्तर जरा सविस्तर. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नीट पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नाही. 89 टक्क्यांचं वाढलं, उरलेल्यांचं होतं तसं राहिलं. वाढ अनेकदा थोडी होती, हेही तितकंच खरं. 2014 मध्ये कॅसरी आणि सहकाऱ्यांनी 5 ते 8 वयाच्या, अत्यंत कमी बोलणाऱ्या 61 स्वमग्न मुलांबरोबर काम केलं. ज्यांच्या थेरपीत बोलणारं उपकरण सुरुवातीपासून होतं, ती मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली.

कारण साधं आहे. तोंडाने शब्द काढणं मुलासाठी कष्टाचं असेल, तर ते नेहमी सोपा मार्ग आधी धरतं: हात ओढणं, रडणं, वस्तू फेकणं. एएसी या गोष्टींची जागा घेतं, बोलण्याची नाही. शिवाय बटण दाबलं की तोच शब्द तसाच्या तसा, पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

किती वयापासून सुरू करावं? आधी डोळ्यांत बघणं, एका जागी बसणं यायला हवं ना?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला बोलण्यात उशीर दिसतोय, तर त्याच महिन्यात सुरू करा. ‘ऑटिझमचं पक्कं निदान होऊ दे’, ‘चित्रं ओळखायला येऊ देत’, ‘पाच मिनिटं बसायला लागू दे’ अशा पूर्वअटी घालून थांबण्याला आधार नाही. पंधरा वर्षांच्या मुलालाही उशीर झालेला नसतो.

एक तपासणी मात्र लगेच करून घ्या: श्रवणाची. ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते पाहणारी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाज कानातून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी). मूल टीव्हीच्या गाण्याला धावत येतं म्हणून कान चांगले, असं धरून चालू नका.

चित्रांची वही (पेक्स), तक्ता की टॅबलेट?

पेक्स ही पद्धत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सुरू केली. तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्यात मूल एक चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि वस्तू मिळवतं. त्यासाठी दोन मोठी माणसं लागतात, एक समोर वस्तू घेऊन आणि एक मुलाच्या मागे, हात हलकेच वळवायला. मागचा माणूस एक शब्दही बोलत नाही. घरोघरी इथेच चुकतं: आई एकटीच समोर बसते आणि ‘दे, चित्र दे’ असं म्हणत राहते. मग मूल चित्र देण्याआधी त्या ‘दे’ची वाट बघायला शिकतं. दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढतं, तिसऱ्यात चित्रांमधून निवड, चौथ्यात वाक्यपट्टी (चित्रं ओळीने लावून वाक्य करायची पट्टी), पाचव्यात ‘काय पाहिजे?’ला उत्तर, सहाव्यात ‘मला दिसतंय’, ‘मला ऐकू येतंय’ अशी टिप्पणी.

आपण होऊन माणसाकडे जाणं शिकवायला पेक्स फार चांगलं. मात्र सगळा भर बराच काळ मागण्यावर राहतो. म्हणून वही चालू असताना भिंतीवर किंवा टॅबलेटवर भरपूर शब्दांचा तक्ताही असू द्या. एक जमलं की मग दुसरं, असा क्रम पाळायची गरज नाही.

घरी तक्ता कसा बनवायचा?

ए-फोर कागद आडवा धरा. 5 रकाने आणि 4 ओळी केल्या की 20 चौकटी होतात, साधारण साडेपाच बाय पाच सेंटिमीटरच्या. बोट नीट टेकत नसेल तर 4 बाय 3 करा. चित्र मोठं, शब्द चित्राच्या वर (खाली लिहिला तर दाखवताना बोटाखाली झाकतो). चित्रं अरासाकवरून घ्या: स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा हा चित्रसंच बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. पोळी, मोदक, रिक्षा, देवघर अशा आपल्या गोष्टींचे मात्र स्वतः फोटो काढा, मागे कोरी पांढरी चादर धरून.

लॅमिनेशन मॅट मागा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि मूल मान वळवतं. कापताना कडेला 4-5 मिलिमीटर प्लास्टिक सोडा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत शिरून थर सुटतात. सुटी चित्रं करणार असाल तर वेल्क्रोची खरखरीत बाजू कुठे आणि मऊ कुठे ते एकदा ठरवा आणि घर, शाळा, थेरपी सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर शाळेतलं चित्र घरच्या वहीला चिकटतच नाही. त्याच तक्त्याच्या चार-पाच प्रती काढा: स्वयंपाकघर, बाथरूमचं दार, दप्तर, आजीआजोबांकडे एक. एकच प्रत असली की ती कपाटात नीट जपून ठेवली जाते, आणि मग वापरली जात नाही.

त्यावर कोणते शब्द घालावेत?

पहिल्या तक्त्यावर लोक सफरचंद, केळं, बॉल, गाडी, मांजर घालतात. त्याने दिवसभर काय बोलणार? रोजच्या बोलण्याचा मोठा भाग थोड्याशाच शब्दांनी भागतो, आणि ते शब्द बहुतांशी नामं नसतात. मराठीत सुरुवातीचा संच असा चालतो: मला, तू, हे, पाहिजे, नको, आणखी, झालं, दे, जा, ये, बघ, थांब, उघड, कर, मदत, परत, कुठे, काय, छान, दुखतंय. ही 20 झाली. वस्तू वेगळ्या पानावर.

मराठीचे काही पेच आहेत ते आधीच सोडवा:

‘हवं’पेक्षा ‘पाहिजे’ ठेवा. हवा, हवी, हवं असं ते वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि बटणं तिप्पट होतात. 

क्रियापदं आज्ञार्थी (‘दे’, ‘जा’, ‘उघड’) किंवा ‘जायचंय’, ‘खायचंय’ अशी ठेवली तर मुलगा-मुलगी भेद येत नाही. तयार अ‍ॅपमध्ये बरेचदा ‘मी जातो’, ‘मी खातो’ असतं. मुलीच्या टॅबलेटवर बसून ते एकेक ‘जाते’, ‘खाते’ करा. तिच्या तोंडी मुलग्याची भाषा देऊ नका.

आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी नमुन्यातल्या वाक्यपट्टीत ‘मला पाहिजे’ हे एकच कार्ड आधी आणि वस्तू नंतर असते. ती तशीच उचलू नका. डावीकडे ‘मला’, मध्ये रिकामी जागा, उजवीकडे ‘पाहिजे’. सुरुवातीला दोन्ही कडेची कार्डं पक्की चिकटवा, मुलाने फक्त मधलं चित्र लावायचं. टॅबलेटवरही हाच विचार: माणसं डाव्या कडेला, क्रियापदं उजव्या कडेला. मग बोट आपोआप मराठी वाक्याच्या दिशेने सरकतं.

कोणतं अ‍ॅप घ्यावं?

आधी जेलो बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ते तयार झालं, मोफत आहे, मराठीत आहे, चित्रं आपल्याकडची आहेत. जेवण, दिनक्रम, माणसं, ठिकाणं, मदत असे विभाग आणि बाजूला हो, नाही, आवडतं, आणखी अशी भाव सांगणारी बटणं, अशी त्याची रचना आहे. चेन्नईत अजित नारायणन यांनी सुरू केलेलं ‘आवाज’ हे दुसरं अ‍ॅप. ते विकत घ्यावं लागतं, पण मुलाप्रमाणे शब्दसंग्रह बदलण्याची सोय त्यात चांगली आहे. पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत मराठी आवाज आणि मराठी कीबोर्ड स्वतः तपासून घ्या.

कुठलंही अ‍ॅप निवडताना चार गोष्टी विचारा. इंटरनेट बंद केल्यावर बोलतं का? नवीन शब्द स्वतःच्या फोटोसकट घालता येतो का? शब्द लपवता येतात का, म्हणजे जागा तीच ठेवून? सगळ्या मांडणीची प्रत बाहेर काढून ठेवता येते का? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. मूल शब्द वाचून शोधत नाही, बोटाला जागा पाठ होते. आज 8 बटणं, जमलं की 15, मग 40 असं केलंत तर दर वेळी ‘नको’ नव्या जागी जातो आणि पाठ झालेलं सगळं पुसलं जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून मोठी जाळी (जास्त चौकटींची मांडणी) निवडा, नको ते शब्द लपवा आणि हळूहळू उघडत जा. याच कारणाने, अ‍ॅप महिन्या-महिन्याला बदलू नका.

टॅबलेट 8 ते 10 इंची, हँडल असलेल्या रबरी कव्हरसकट आणि स्पीकर मोठ्या आवाजाचा असावा. स्पीकर दुकानातच, रस्त्याच्या बाजूला उभं राहून ऐका.

अँड्रॉइडवर मराठी आवाज येत नाही, किंवा इंग्रजी धाटणीत बोलतो.

सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा (बहुधा सुलभता किंवा भाषा या भागात सापडतं). इंजिन म्हणून गूगलचं निवडा, व्हॉइस डेटात जाऊन मराठी उतरवून घ्या, मग भाषा मराठी करा आणि वेग थोडा कमी करा. नंतर फोन विमान मोडवर टाकून तपासा. आवाज फक्त इंटरनेटवर चालत असेल तर तो शाळेच्या व्हॅनमध्ये गप्प होईल. एखादा शब्द विचित्र उच्चारला गेला तर दिसणारा शब्द तसाच ठेवून बोलला जाणारा मजकूर बदला, किंवा तेवढाच शब्द रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग मुलाच्याच वयाच्या मामेभावाने किंवा चुलतबहिणीने केलेलं बरं. सहा वर्षांच्या मुलाच्या टॅबलेटमधून बाबांचा आवाज आला की वर्गातली मुलं टॅबलेटकडे बघतात, त्याच्याकडे नाही.

शिकवायचं कसं? टॅबलेट समोर ठेवतो पण तो वापरतच नाही.

कारण तो वापरताना त्याने कुणाला पाहिलेलंच नाही. बोलणारं मूल पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकतं. एएसी वापरणाऱ्या मुलाला ‘घे, आता सांग’ म्हणणं अन्यायाचं आहे. आधी मोठ्यांनी बोलताना बटणं दाबायची. याला मॉडेलिंग म्हणतात आणि एएसी चालतं किंवा बंद पडतं ते मुख्यतः यावर.

जेवणाचं उदाहरण घ्या. ताटात वरणभात. तुम्ही तोंडाने म्हणता, ‘आणखी वाढू का?’ आणि ‘आणखी’ दाबता. तूप घातलंत: ‘छान’ दाबा. डबा उघडत नाहीये: ‘उघड’. गरम लागलं: ‘थांब’. वाटी रिकामी: ‘झालं’. पूर्ण वाक्य तोंडाने, दाबायचा फक्त महत्त्वाचा शब्द. मूल सध्या एकही शब्द दाबत नसेल तर तुम्ही एक दाबा. ते एक दाबतंय तर तुम्ही दोन, ‘पोळी’ आणि ‘दे’. त्याने बघितलंच पाहिजे, पुन्हा दाबून दाखवलंच पाहिजे असा आग्रह नको. बाजूला खेळत असलं तरी कान ऐकत असतो.

मग थांबा. मनात सावकाश दहा अंक मोजा. ही दहा सेकंदं आपल्या घरात फार लांब वाटतात, कुणीतरी मध्ये बोलतंच. पण स्वमग्न मुलाला ऐकलेलं समजून, जागा आठवून, बोट न्यायला तेवढा वेळ लागतो. मधेच प्रश्न पुन्हा विचारलात तर त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दहा सेकंदांनी काही आलं नाही तर नुसतं तक्त्याकडे बोट करा. तरीही नाही तर स्वतः दाबून दाखवा आणि वस्तू देऊन टाका. मुलाचा हात धरून बटण दाबणं टाळा. त्यातून ते फक्त हात सैल सोडायला शिकतं.

सगळा दिवस जमणार नाही. एक वेळ धरा, जेवण किंवा आंघोळ, आणि पाच शब्द. आठवड्याभराने दुसरी वेळ जोडा. आजी-आजोबांना हे शिकवणं सोपं जातं. ते नातवंडाशी तसेही सावकाश बोलतात.

आणि परीक्षा घेऊ नका. ‘सफरचंद कुठंय? दाखव. शाब्बास’ हा संवाद नाही. त्याला सफरचंद माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

तो एकच बटण शंभरदा दाबतो. काढून घ्यावं का?

नाही. लहान बाळ ‘बाबाबा’ करतं तशी ही बडबड आहे. आवाज कुठून येतो, काय केल्याने काय होतं, हे तो तपासतोय. दाबलेल्या शब्दाला अर्थ द्या: ‘गाडी’ पुन्हा पुन्हा दाबतोय तर खेळण्यातली गाडी आणा, नाहीतर खिडकीतून दाखवा. डोक्याला ताप झाला तर आवाज कमी करा, उपकरण हिसकावू नका. आणि शिक्षा म्हणून ते कधीच काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाचं तोंड आपण शिक्षा म्हणून बांधत नाही.

त्याच टॅबलेटवर यूट्यूब चालेल?

नको. एकाच वस्तूवर गाणी आणि बोलणं असेल तर गाणीच जिंकतात. मग टॅबलेट लपवला जातो आणि बोलणंही लपतं. वेगळा टॅबलेट परवडत नसेल तर गाणी मोठ्यांच्या फोनवर आणि या टॅबलेटवर फक्त संवादाचं अ‍ॅप. आयपॅडवर सुलभता सेटिंग्जमधून ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ सुरू करा, पासकोड द्या, आयपॅडचं होम किंवा वरचं बटण तीनदा दाबलं की मूल अ‍ॅपबाहेर जात नाही. अँड्रॉइडवर सुरक्षा सेटिंग्जमध्ये अ‍ॅप पिन करण्याची सोय असते. बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू करा.

फक्त खाऊ मागायला वापरतो, बाकी काही बोलत नाही.

आपण तेवढंच दाखवलं असेल. मोठ्यांच्या दाबण्याकडे एक दिवस लक्ष ठेवा. मागणी सोडून दुसरं काय दाबलंत? ‘बघ’ पावसाकडे, ‘परत’ झोक्यावर, ‘कुठे’ लपाछपीत, ‘छान’ नव्या फ्रॉकला, ‘नको’ मिक्सरच्या आवाजाला. तक्रार करायची, नकार द्यायची, चिडवायची बटणंही द्या.

‘नको’ शिकला आणि आता सगळ्यालाच नको म्हणतो.

चांगलं झालं. सुरुवातीचे काही आठवडे शक्य तितके ‘नको’ खरोखर मान्य करा, तरच त्या शब्दाला किंमत येते. औषध, सीटबेल्ट, रस्ता ओलांडणं यांत सूट नाही. तिथे ऐकल्याची पावती द्या आणि निवड दुसरीकडे द्या: ‘नको म्हणालास, ऐकलं. औषध घ्यायचंय. चमच्याने की पेल्यातून?’

राग आला की डोकं आपटतो, चावतो. एएसीचा उपयोग होतो?

होतो, पण रागाच्या भरात शिकवून नाही. आधी पाहा की आपटण्यातून त्याला काय मिळतं: काम टळतं, आवाज थांबतो, वस्तू मिळते, की कुणीतरी जवळ येतं. मग तेच मिळवून देणारा एक सोपा शब्द शांत वेळी शिकवा: ‘सुट्टी’, ‘आवाज नको’, ‘मदत’, ‘ये’. कॅर आणि डुरँड यांनी 1985 मध्ये हा मार्ग मांडला आणि तो आजही टिकून आहे. शब्द दाबल्याबरोबर, सुरुवातीला प्रत्येक वेळी, ती गोष्ट मिळाली पाहिजे. गणपतीत ढोलताशा सुरू होण्याआधीच ‘आवाज नको’चं कार्ड गळ्यात किंवा खिशात हवं. नव्याने, अचानक आपटायला लागला तर दात, कान आणि पोट डॉक्टरांना आधी दाखवा.

तो बोलतो, पण जाहिरातींची वाक्यं. त्यालाही एएसी?

हो. अशा मुलाला स्वतःचं वाक्य जुळवणं अवघड जातं, आणि ताण आला की बोलणं पूर्ण बंद पडू शकतं. त्याची नेहमीची वाक्यं कोणत्या प्रसंगी येतात ते टिपा. अर्थ कळला की तोच अर्थ सुट्या शब्दांत बटणांवर दाखवा.

शाळा इंग्रजी, घर मराठी. कोणती भाषा ठेवावी?

दोन्ही. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचा भाषाविकास मागे पडतो असं संशोधनात दिसलेलं नाही. घरी कुणी इंग्रजी बोलत नसताना फक्त इंग्रजी अ‍ॅप दिलं, तर मूल आजीशी काय बोलणार? मांडणी दोन्ही भाषांत सारखीच ठेवा. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हेच लागू: शाळेने दिलेल्या उपकरणात मराठी पान जोडून मागा, निदान नात्यांचे शब्द, सण आणि खाण्याचे पदार्थ आवाज रेकॉर्ड करून घाला.

शाळा टॅबलेट आणू देत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश आहे, संवादाच्या व्याख्येत पर्यायी व पूरक पद्धती आहेत, आणि कलम 17 मध्ये शिक्षणात त्यांच्या वापराला चालना देण्यास सांगितलं आहे. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या: हे खेळणं नाही, संवादाचं साधन आहे, त्यात दुसरं अ‍ॅप चालत नाही. सोबत थेरपिस्टचं पत्र आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत. वर्गशिक्षिकेला वेगळ्याने भेटून फक्त तीन बटणं दाखवा. चाळीस दाखवलीत तर त्या एकही वापरणार नाहीत.

हात धरून टाइप करवून घेतलं तर मूल मोठमोठी वाक्यं लिहितं असं सांगतात. खरं का?

त्यापासून लांब राहा. मोठ्या माणसाने हात, कोपर धरायचा, या पद्धतीच्या चाचण्यांत शब्द मुलाचे नसून धरणाऱ्याचे निघाले; अक्षरांचा तक्ता हवेत धरायच्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या आशा या संघटनेने 2018 मध्ये त्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. खात्री सोपी आहे: मुलाने पाहिलेली पण धरणाऱ्याने न पाहिलेली गोष्ट विचारा.

शरीराच्या अवयवांचं पान किती वयात घालावं?

आजच. डोकं, कान, दात, पोट, आणि गुप्तांगांचे शब्दही. ‘दुखतंय’, ‘हात लावला’, ‘कोणी’ आणि घरातल्या, व्हॅनमधल्या, शाळेतल्या माणसांचे फोटो. हे शब्द नसतील तर त्रास झाल्याचं मूल सांगूच शकत नाही. पॉक्सो कायदा 2012 मध्ये अपंगत्व असलेल्या मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादपद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे.

मदत कुठे मिळेल?

स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. पदवी बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी असते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात चौकशी करा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही येतो; नियम आणि मर्यादा अर्ज करताना तपासा. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, ‘तुम्ही आम्हाला मॉडेलिंग शिकवाल का?’ मुलाला आत घेऊन दार लावून घेणाऱ्या चाळीस मिनिटांपेक्षा तुम्हाला शिकवणारी वीस मिनिटं जास्त उपयोगी.

किती दिवसांत फरक दिसेल?

काही मुलं पंधरा दिवसांत ‘आणखी’ दाबतात, काहींना मोठ्यांनी सहा-आठ महिने दाबून दाखवावं लागतं. दर रविवारी एका वहीत लिहा: कोणता शब्द, कुणाशी, कुणी न सांगता की दाखवल्यावर. शब्दांची संख्या वाढत नसली तरी ‘कुणी न सांगता’चा रकाना भरत असेल, तर काम चालू आहे. तीन महिन्यांत दोन्ही हलले नाहीत तर आधी मोठ्यांचं दाबणं मोजा, मग बटणांचा आकार आणि जागा तपासा, मग थेरपिस्टशी बोला.

टॅबलेट बिघडला किंवा बॅटरी संपली तर?

मुख्य पानाचा स्क्रीनशॉट प्रिंट करून लॅमिनेट करा, बटणं त्याच जागी. तो दप्तरात, स्वयंपाकघरात आणि प्रवासाच्या पिशवीत कायम असू द्या. पोहायला, समुद्रावर, पावसात तोच चालतो. अ‍ॅपमधल्या मांडणीची प्रत महिन्यातून एकदा ईमेलवर पाठवून ठेवा आणि स्वयंचलित अपडेट बंद करा. टॅबलेट रात्री फोनसारखाच चार्जिंगला लावा, आणि दुरुस्तीला देताना आतली माहिती पुसू नये असं पावतीवर लिहून घ्या.